समुद्री ॲस्ट्रोलेब आणि कमल करून बघितले : रेवदंड्याच्या नोंदी

काय चाललंय ते आधी सांगतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात जहाजावरून अक्षांश काढायची दोन साधनं घरी बनवायची आणि रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून आपला अक्षांश काढून बघायचा. एक पोर्तुगीजांचा समुद्री ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायची टांगती चकती, दुसरा अरबी समुद्रातल्या तांडेलांचा कमल, म्हणजे गाठी मारलेल्या दोरीची लाकडी पाटी. रेवदंडा निवडलं कारण एक तर घराजवळ, आणि दुसरं म्हणजे १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथं किल्ला बांधायला घेतला तेव्हापासून मराठ्यांनी १७४० मध्ये घेईपर्यंत हीच साधनं घेतलेले लोक इथं ये-जा करत होते. खरं उत्तर मोबाइलवर आहे, १८.५५ अंश उत्तर, त्यामुळे फसलो की लगेच कळतं. ज्यांना हेच करायचंय त्यांचे पैसे आणि रविवार वाचावेत म्हणून लिहितोय.

१० नोव्हेंबर

सुरुवात लाकडापासून. वास्को द गामाकडे पहिल्या सफरीत मोठा लाकडी ॲस्ट्रोलेब होता, तीन वीत व्यासाचा. मी १२ मिमी मरीन प्लायची ३० सेमीची चकती कापली, मध्ये भोक, वर कडी, आणि मध्यावर फिरणारी सागवानी पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना उभी पाती, प्रत्येक पात्याला बारीक भोक. सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, वरच्या भोकातून आलेला कवडसा खालच्या भोकावर पडला की पट्टी बरोबर लागली असं समजायचं आणि अंश वाचायचे.

अंशांची पट्टी कॉम्प्युटरवर काढून घरच्या प्रिंटरवर छापली, ए-४ मध्ये मावेना म्हणून दोन तुकड्यांत, आणि फेव्हिकॉलने चिकटवली. हे करू नका. कागद फेव्हिकॉलच्या ओलाव्याने एका दिशेला जास्त ताणला जातो आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. सगळीकडून सारखं मोठं झालं असतं तर कोन बिघडले नसते, पण एका बाजूला एक टक्का जास्त ताण म्हणजे मधल्या अंशांना पाव अंशाहून जास्त चूक. शेवटी सगळं पॉलिश पेपरने घासून काढलं आणि अलिबागला फ्लेक्सवाल्याकडून एका तुकड्यात स्टिकर काढून आणला. प्लाय, स्टिकर, स्क्रू मिळून साडेआठशे रुपये गेले.

१७ नोव्हेंबर

पहिल्यांदा किनाऱ्यावर. आपल्याकडे घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत हे धरून चला. भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची आणि रेवदंडा ७२.९ वर, म्हणून सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३८ मिनिटांनी, आणि नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य पंधराएक मिनिटं पुढे असतो म्हणून आज तो १२.२३ लाच सगळ्यात वर होता. फेब्रुवारीत हेच १२.५२ पर्यंत जातं. खरं तर घड्याळ लागतच नाही, सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी मोजत राहायचं, उंची वाढायची थांबली की झालं. मध्यान्हाच्या आधी-नंतर दहा मिनिटांत उंची दशांशभर अंशानेही हलत नाही, त्यामुळे घाई नाही.

पण मोजणार काय? वारा सुटलेला, चकती हातात पाटीसारखी गरगर फिरतेय, एका वेळी ४८ दिसतंय, पुढच्या वेळी ५५. खरी उंची ५२.४ होती. हात दुखला तो वेगळाच. धाकटी वहीत आकडे लिहून घेत होती, तिने विचारलं, बाबा यातला कुठला खरा?

घरी येऊन परत वाचलं तेव्हा कळलं की गामानेही हातात धरून मोजलंच नव्हतं. ३ ऑगस्ट १४९७ ला केप व्हर्डची बेटं सोडल्यावर तीन महिने त्यांना जमीन दिसली नाही, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाअलीकडे सेंट हेलेना उपसागर लागला, तिथं हा माणूस ॲस्ट्रोलेब घेऊन किनाऱ्यावर उतरला, तीन वासे एकत्र बांधून उभे केले आणि त्याला ते टांगलं. जहाजाच्या हेलकाव्यात मोजलेल्यावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणजे कागदावर सगळं आधीच लिहिलेलं होतं आणि मी रविवार घालवला.

२४ नोव्हेंबर

तीन बांबू, वर सुतळी, मध्ये चकती टांगलेली. वाऱ्याच्या बाजूला जुनी चादर धरली. फरक लगेच दिसला, आता आकडे एका अंशाच्या आत येतायत.

तरी चूक राहिलीच. चकतीचा गुरुत्वमध्य बरोबर कडीखाली नसतो, प्लायच्या थरांचं वजन सारखं नसतं, त्यामुळे शून्याची रेघ आडवी टेकतच नाही. यावर उपाय फुकट आहे. एकदा मोजायचं, मग चकती पाठमोरी फिरवून दुसऱ्या बाजूने मोजायचं, आणि सरासरी घ्यायची, कारण टांगण्यातली चूक एका बाजूला जेवढी वाढवते तेवढीच दुसऱ्या बाजूला कमी करते. (यासाठी मागच्या बाजूलाही अंश हवेत, दुसरा स्टिकर आधीच काढून ठेवा.) माझं एका बाजूने ४९.५ आणि दुसऱ्या बाजूने ५१.९ आलं, सरासरी ५०.७.

आता गणित. सूर्याची आजची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश दूर आहे ते, २०.६ दक्षिण. ९० मधून ५०.७ वजा, उरले ३९.३, त्यातून २०.६ वजा, आले १८.७. खरं १८.५५. पंधरा शतांश अंश चुकला. एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणजे आम्ही स्वतःला सतराएक किमी उत्तरेला समजत होतो, अलिबागच्याही पुढे. प्लायच्या मानाने मला हे खूपच झालं.

८ डिसेंबर

कमल. हे काम संध्याकाळी दोन तासांत होतं आणि खर्च जवळजवळ शून्य, सुरुवात खरं तर इथून करावी. पाटीच्या मध्यातून दोरी ओवायची, दोरीचं टोक दातात धरायचं, पाटीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकेपर्यंत पाटी मागे-पुढे करायची, आणि दोरी कुठं ताणली गेली तिथं गाठ. ध्रुवाची उंची म्हणजेच अक्षांश, थोडा फरक सोडून.

गामाला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला जो वाटाड्या मिळाला तो पोर्तुगीज बखरींनुसार गुजरातचा होता. इब्न माजिद या नावाजलेल्या अरब नावाड्याचं नाव घेतात ते आता फारसं कोणी मानत नाही. त्या वाटाड्याला लाकडी ॲस्ट्रोलेब दाखवला तर त्याला काहीच नवल वाटलं नाही, म्हणाला आमच्याकडे तांबड्या समुद्रातले लोक पितळी साधनं वापरतात, आणि त्याने स्वतःचं साधन काढून दाखवलं, तीन पाट्यांचं. २४ एप्रिल १४९८ ला मालिंदी सोडलं आणि २० मेला गलबतं कालिकतसमोर होती. तीन पाट्या कशाला ते करताना कळतं. ध्रुव खाली असला की मोठ्या पाटीला दोरी इतकी लांब लागते की हात पुरत नाही, आणि वर असला की लहान पाटी पार नाकाशी येते. आपल्या कोकणासाठी १६ सेमी उंचीची एक पाटी पुरते, रेवदंड्याला दोरी साधारण पन्नास सेमीच्या आत-बाहेर येते.

शिसमाचा तुकडा पडलेला होता तो वापरला. दोरी नायलॉनची घेतली ती चूक, ताणते. सुती दोरी मेण लावून घ्या.

१४ डिसेंबर

आज दत्तजयंती, चौलला भोवाळ्याची यात्रा, त्यामुळे रेवदंड्यापर्यंत पोचायलाच दीड तास गेला. पण पौर्णिमा मुद्दाम धरली होती, चांदण्यात क्षितिज दिसतं, एरवी रात्री तारा दिसतो आणि क्षितिज दिसत नाही, आणि संध्याकाळी उलट. दोन्ही एकदम दिसायची वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं.

आणि तिथं गेल्यावर लक्षात आलं की आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे! ध्रुव उत्तरेला, आणि उत्तरेला समुद्र नाहीच, सुरू आणि माडांची रांग. गाडी लावून, गर्दीतून वाट काढून, तिघं जण वाळूत उभे आणि ताऱ्याखाली झाडं. पौर्णिमेची ओहोटी मोठी म्हणून पार खाली पाण्यापर्यंत चालत गेलो, झाडं जरा बुटकी झाली, पण तरी एक किमीवरचं पंधरा मीटरचं झाड पाऊण अंशाहून जास्त जागा खातं. एवढ्यात ऐंशी-पंचाण्णव किमीची चूक बसते. मोजलंच नाही, वडे खाल्ले आणि परत.

यावरचा तोडगा नंतर सापडला, इथंच लिहून ठेवतो. क्षितिजच हवं असं नाही, समोर दोन-तीन किमी पाणी आणि पलीकडे किनारा असला की त्या किनाऱ्याची पाण्याची रेघ चालते, उभ्या माणसाला ती क्षितिजापेक्षा नावालाच खाली दिसते. म्हणजे खाडीच्या दक्षिणेला, कोर्लईच्या बाजूला जाऊन उत्तरेला रेवदंड्याकडे बघायचं. मात्र कोर्लईच्या किल्ल्यावर चढून मोजू नका. उंचावरून क्षितिज खाली जातं, ८० मीटर उंची धरली तरी पाव अंश जास्त मोजला जातो.

२२ डिसेंबर

पितळ. मेहुण्याचं पेणला लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्या जिवावर हे सगळं. आधी लेझर कटिंगवाल्याकडे गेलो होतो, त्याने हातच लावला नाही, पितळ किरण परत फेकतं म्हणून. मग १० मिमीची प्लेट, १८ सेमी चौरस, पावणेतीन किलोच्या आसपास, एकोणीसशे रुपये.

आकार कुठला घ्यायचा यावर आमचा वाद झाला. ओमानच्या अल हल्लानियाह बेटाजवळ २०१४ मध्ये एक ॲस्ट्रोलेब सापडला, गामाचा मामा विसेंते सोद्रे याच्या १५०३ मध्ये बुडालेल्या एस्मेराल्दा जहाजाचा मानतात. तो साडेसतरा सेमीचा आणि फक्त ३४४ ग्रॅमचा, दोन मिमीहून पातळ, भरीव चकती. नंतरच्या काळातले मात्र दोन-दोन, तीन-तीन किलोचे, मधून कापलेले, खाली जाड. मेहुणा म्हणाला, "भावोजी, पातळ पत्रा घ्या, अर्ध्या तासात देतो." मी प्लायचे हाल बघितलेले, म्हटलं वाऱ्याला जागाच द्यायची नाही. मध्ये आडवा-उभा क्रॉस, बाहेर रिंग, खालचा भाग जाड ठेवायचा म्हणजे वजन खाली. पोर्तुगीजांनीही तेच केलं, ते काही शोभेसाठी नव्हतं.

चार खिडक्या कापायला अर्धा दिवस गेला. भोकांची रांग मारून मधला तुकडा पाडायचा ठरवलं, तर ड्रिल पितळेत आपोआप आत ओढलं जातं, दोन बिट मोडले आणि प्लेट क्लॅम्पमधून उचलली गेली, नशीब हात बाजूला होता. मग मेहुण्याने बिटची धार दगडावर जराशी सपाट करून घेतली, धार मारली म्हणा ना, आणि पुढे एकही अडकलं नाही. पितळेला तीक्ष्ण बिट लावायचं नाही, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. बिट तीनशे रुपये. संध्याकाळपर्यंत कानस. वजन आता १.९ किलो.

२९ डिसेंबर

अंश पाडणे. मिलिंगवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे वर्तुळाचे सारखे भाग पाडायचं साधन, लावलं. चाळीस फेऱ्यांना एक पूर्ण चक्कर, म्हणजे एका अंशाला फेरीचा नववा भाग, १८ भोकांच्या वर्तुळावर दोन भोकं पुढे. ऐकायला सोपं. साठ-सत्तर रेघा झाल्यावर चहा आला, परत आल्यावर हँडल एक भोक पुढे गेलंय असं वाटून मागे घेतलं, आणि तिथून पुढच्या सगळ्या रेघा बॅकलॅशमुळे (दात्यांमधल्या ढिलाईमुळे) किंचित मागे सरकल्या. डोळ्याला दिसत नाही. ९० ची रेघ मारल्यावर काटकोन्याने तपासलं तेव्हा कळलं. उपाय एकच, चुकलं तर पूर्ण एक फेरी मागे जाऊन परत पुढे यायचं, नेहमी एकाच दिशेने. जुन्या रेघा लेथवर अर्धा मिमी खरवडून काढल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. एवढ्या चकतीवर एक अंश म्हणजे दीड मिमी, त्यात पाव अंश नजरेने वाचायचा, तेव्हा रेघ बारीक हवी. आमची जाड आलीये.

शून्य कुठं ठेवायचं ते आधी ठरवा. पोर्तुगीज बरेचदा शून्य वर ठेवत, डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्य किती खाली ते थेट वाचायचं, म्हणजे ९० मधून वजा करायची एक पायरी वाचते. आम्ही क्षितिजाला शून्य ठेवलं, आता पश्चात्ताप होतोय, हलत्या होडीत वजाबाक्या करायला लागल्या की कळतं.

५ जानेवारी

होडीत. ओळखीचे नाखवा तयार झाले, डिझेलचे दीड हजार आमचे, मासे मिळाले तर त्यांचे. कोर्लईच्या पुढे बाहेर गेलो, दुपारपर्यंत समुद्र तसा शांतच होता, आणि तरी पहिल्या अर्ध्या तासात ४५ पासून ५२ पर्यंत काहीही वाचलं. खरी उंची ४८.८. १५०० मध्ये काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या ताफ्यातल्या मेस्त्रे जोआओने ब्राझीलहून राजाला पत्र पाठवलं होतं, त्यात तो हेच सांगतो, जहाज जरा हललं की चार-पाच अंशांनी चुकतं, जमिनीवर उतरल्याशिवाय जमत नाही. मला ते पत्र वाचताना अतिशयोक्ती वाटली होती.

नाखवांनी आमची धडपड थोडा वेळ बघितली आणि म्हणाले, "मास्तर, होरी हलनारच, तुमी मदी बसा." आणि इंजिन हळू ठेवून होडीचं तोंड लाटेला लावलं. मधोमध फळीवर बसून, हात खांद्याच्या उंचीला मोकळा सोडून, पट्टी आधीच ४८ वर लावून ठेवली आणि कवडसा भोकावरून डावी-उजवीकडे सारखाच झुलतोय का एवढंच बघितलं. हलणाऱ्या आकड्याच्या मागे पट्टी पळवायची नाही. याने बराच फरक पडला, शेवटच्या आकड्यांची सरासरी ४८.४ आली, म्हणजे अक्षांश १९.०, जवळजवळ मुंबई. पन्नास किमीची चूक. दोन्ही बाजूंनी मोजायचं मात्र होडीत जमलं नाही.

संध्याकाळी सव्वासहाच्या आत सूर्य गेला, पावणेसातला ध्रुव दिसायला लागला आणि बाहेरून उत्तरेचं क्षितिज मोकळं होतं, तेव्हा कमल काढला. फुटपट्टीने मोजून आधीच मारलेली १८.५५ ची गाठ दातात धरली, तर तारा वरच्या कडेला नीट टेकेना. मग उगाच डोकं खाजवत बसलो. दोन कारणं निघाली, एकमेकांच्या उलट ओढणारी. ध्रुवतारा अजूनही खऱ्या ध्रुवापासून सहा-सात दशांश अंश दूर आहे आणि जानेवारीच्या संध्याकाळी तो ध्रुवाच्या वर असतो, म्हणून उंची १९.१ भरायला हवी. (१५०० मध्ये तो साडेतीन अंश दूर होता, म्हणून त्या काळी शेजारचे तारे कुठं आहेत ते बघून किती मिळवायचं-वजा करायचं याचे नियम पाठ करावे लागत.) दुसरं म्हणजे दोरी दातात आणि बघतोय डोळ्याने, डोळा दातांच्या सात-आठ सेमी वर, त्यामुळे पाटी डोळ्याला मी मोजलं त्यापेक्षा जवळ पडते आणि कोन अर्ध्या अंशापर्यंत जास्त भरतो.

नाखवांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मग इथंच मारा ना गाठ. आणि तेच बरोबर होतं. फुटपट्टी लागतच नाही. आपल्या बंदरासमोर उभं राहून तारा टेकेल तिथं गाठ मारायची, मग त्या गाठीत आपले दात, आपला हात, पाटीचा वाकडेपणा सगळं आलंच. परतताना तारा त्याच तासाला त्या गाठीला टेकेपर्यंत उत्तर-दक्षिण करायचं आणि मग सरळ पूर्वेला.

१२ जानेवारी

पितळी चकती, बांबूची तिवई, किल्ल्याच्या भिंतीच्या आडोशाला. दोन्ही बाजूंची सरासरी ४९.७. क्रांती २१.७ दक्षिण. अक्षांश १८.६. पाच-सहा किमीची चूक, यापेक्षा चांगलं काही येणार नाही, रेघाच जाड आहेत.

मग हौस म्हणून मोबाइल बाजूला ठेवला आणि सोळाव्या शतकातल्या पद्धतीचं क्रांतीचं टेबल घेतलं. आब्राहाम झाकुतोची पंचांगं १४९६ मध्ये लैरियाला छापली गेली, त्यावरून पायलटांसाठी सोपी टेबलं निघाली, चार वर्षांचं चक्र, तारीख बघा आणि अंश घ्या. १२ जानेवारीच्या समोरचा आकडा घेतला, गणित केलं, उत्तर आलं साडेवीस. म्हणजे आम्ही दमणच्याही वर. मेहुण्याला वाटलं चकतीच बिघडली, त्याने कडी उघडून बघितली, पट्टीचा स्क्रू घट्ट केला, परत मोजलं, परत साडेवीस. तासभर गेला. टेबल जुन्या ज्युलियन तारखांचं आहे, १५८२ च्या दुरुस्तीआधीचं, त्या शतकासाठी आजच्या तारखेतून १० दिवस वजा करून बघायला हवं, म्हणजे २ जानेवारीचा आकडा. तो घेतल्यावर चकती परत शहाणी झाली. डिसेंबरच्या मध्याला ही चूक लक्षातही आली नसती कारण तेव्हा क्रांती जवळजवळ हलतच नाही, आणि मार्चमध्ये केली असती तर चार अंश, म्हणजे थेट काठियावाड.

२६ जानेवारी

सुट्टी म्हणून शाळेत दोन्ही साधनं दाखवली. पोरांनी कमल पसंत केला. एका मुलीने विचारलं की हे इतकं सोपं आहे तर पोर्तुगीजांनी ते जड कशाला वागवलं, आणि हा प्रश्न मलाही महिनाभर छळत होता. अचूकपणा हे उत्तर नाही. आमच्या मापांत होडीवरून कमल कमी चुकतो, ॲस्ट्रोलेब जास्त. मला वाटतं फरक इथं आहे की कमलची गाठ फक्त ज्याने मारली त्यालाच उपयोगी. माझी रेवदंड्याची गाठ मेहुण्याच्या दातात दिली तर त्याचं बंदर वीस-तीस किमी सरकतं, आम्ही करून बघितलं. ॲस्ट्रोलेब आणि टेबल मिळून मात्र आकडा निघतो, तो लिस्बनला पाठवता येतो, तिथं राजाच्या मुख्य नकाशावर चढवता येतो आणि पुढच्या वर्षी ज्याने हिंद महासागर कधी बघितलाच नाही अशा पायलटच्या हातात देता येतो. आकडे आले की ते चोरताही येतात, १५०२ मध्ये कांतीनो नावाच्या माणसाने लिस्बनमधून असा एक नकाशा बारा सोन्याच्या दुकातांना करवून घेऊन इटलीत पोचवला. गाठींची दोरी चोरून कोणाला काय करता आलं असतं? आणि ज्यांची ती दोरी होती, गुजरातचे, मलबारचे, अरब, त्यांनाच पुढे आपल्या समुद्रात फिरायला पोर्तुगीजांचा परवाना, कार्ताझ, पैसे मोजून घ्यावा लागला. मुलीला एवढं सगळं सांगितलं नाही, तिला दुसऱ्या मुलाच्या दातात दोरी देऊन बघायला सांगितलं.

२ फेब्रुवारी

छोटी नोंद. द. जुआंव द काश्त्रू, नंतर गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये तिथंच वारला, तो १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना हा सगळा किनारा मोजत गेला, अक्षांश, खोली, होकायंत्राचा फरक. वसईजवळ त्याची सुई भलतीच फिरली आणि त्याने ताडलं की खालच्या खडकाचा परिणाम आहे. आम्ही साधं होकायंत्र घेऊन किल्ल्यामागच्या काळ्या कातळावर फिरलो. वाळूवर सुई शहाण्यासारखी, कातळावर ठेवली की काही ठिकाणी आठ-दहा अंश बाजूला, दोन फूट सरकवली की परत वेगळी. बेसॉल्टच तो. तिवई लावताना उत्तर होकायंत्राने ठरवत असाल तर ते कातळावर ठेवू नका, छातीच्या उंचीला धरा.

१६ फेब्रुवारी

लग्नासाठी गोव्याला, कमल खिशात. मिरामारवरून उत्तरेला मांडवीच्या पलीकडे डोंगर, पण डोंगराच्या पायाची पाण्याची रेघ धरली आणि चाललं. रेवदंड्याची गाठ लावली तर तारा पाटीच्या पार मागे, तीन अंश खाली. पणजीची गाठ दोरीवर नऊएक सेमी पुढे पडली. अरबांच्या मापात, १ इस्बा म्हणजे १ अंश ३६ कला, हे अंतर दोन इस्बांपेक्षा जरासं कमी भरतं. तीन सेमीला एक अंश, म्हणजे गाठ एक सेमी इकडे-तिकडे झाली की पस्तीसेक किमी गेले. सुती दोरीही दमट हवेत थोडी आखडते, मेणाचा दुसरा हात द्यायला हवा.

आतापर्यंतचा खर्च सहा हजार सातशे, त्यात मेहुण्याच्या मशीनचे तास धरलेले नाहीत, ते धरले तर दुप्पट.

१४ मे

मुद्दाम आजचा दिवस ठेवला होता, आज रेवदंड्याला शून्य सावली. सूर्य बरोबर डोक्यावर, क्रांती आणि अक्षांश एकच, गणित करायलाच नको. ढग होते पण मधून ऊन येत होतं.

मोजताच येत नाही. पट्टी उभी सरळ वर, आणि वर आहे कडी आणि कडी धरलेला माझा हात, त्यांचीच सावली भोकावर. तिवईला टांगली तर बांबूंच्या जोडाची सावली. एका बाजूने तिरकं धरून बघितलं तर चकती लोंबकळत नाही, म्हणजे मोजण्याला अर्थ नाही. शिवाय सूर्य डोक्याच्या उत्तरेला की दक्षिणेला हेही कळत नाही, आणि मिळवायचं की वजा करायचं ते त्यावरच ठरतं, जुन्या पुस्तिकांत या प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळा नियम पाठ करायला का दिलाय ते आज समजलं.

तेव्हा हे करणाऱ्यांनी वेळापत्रक असं धरा. एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आपल्या या पट्ट्यात दुपारचा सूर्य डोक्यापासून पाच अंशांच्या आतच असतो, त्यात जूनपासून पाऊस, म्हणजे ॲस्ट्रोलेब तेल लावून कपाटात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. कडीचा स्क्रू खाऱ्या हवेने हिरवा पडलाय, मेहुणा म्हणतोय सगळं खोलून ९० चं शून्य करून नव्याने रेघा मारू, या वेळी चहा रेघा संपल्यावर.